विषबाधा झालेल्या माणसाला योग्य उताऱ्यापर्यंत कसे पोहोचवावे

विषावर उतारा असतो हे सर्वांना ठाऊक असते; पण एक उतारा ठरावीक विषापुरताच चालतो आणि तोही ठरावीक वेळेतच पुरता गुण देतो, हे घाबरलेल्या घरात कोणाच्या लक्षात राहत नाही. सर्पदंशावरची लस कीटकनाशकाच्या विषबाधेत निरुपयोगी असते, कीटकनाशकावरचे ॲट्रोपिन विंचूदंशात घातक ठरू शकते आणि पॅरासिटामॉलवरचा उतारा तीन दिवसांनी दिला तर यकृताची बरीचशी हानी आधीच झालेली असते. म्हणून नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे आणि गावातल्या आशाताईंचे काम उतारा शोधण्याचे नसते. रुग्णाचा श्वास चालू ठेवणे, विष कोणते व ते केव्हा अंगात गेले याची नेमकी माहिती गोळा करणे आणि वाटेत वेळ न दवडता त्याला दवाखान्यात पोहोचवणे, ही तीन कामे त्यांची आहेत. ती कशी करावीत आणि दवाखान्यात पुढे काय घडते, हे येथे क्रमाने सांगितले आहे. या लेखातील औषधांची मात्रा केवळ समजुतीसाठी दिली आहे. यांपैकी कोणतेही औषध घरी देऊ नये.

पहिली दहा मिनिटे

सर्वप्रथम रुग्ण श्वास घेतो आहे का ते पाहावे. तो बेशुद्ध किंवा गुंगीत असेल तर त्याला डाव्या कुशीवर वळवून ठेवावे, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडात फेस, लाळ, उलटी किंवा कवळी असेल तर बोटाला कापड गुंडाळून ती बाहेर काढावी. श्वास थांबला असेल आणि कोणाला छातीदाब देता येत असेल तर तो लगेच सुरू करावा. मात्र कीटकनाशक प्यायलेल्या माणसाच्या तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नये. त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी १०८ क्रमांकावर फोन करावा. रुग्णवाहिकेला यायला फार वेळ लागणार असेल तर गावातली जीप किंवा रिक्षा काढावी. वाट पाहत अंगणात बसून राहू नये.

उलटी करवू नये. मिठाचे पाणी पाजणे, घशात बोटे घालणे, शेण किंवा राखेचे पाणी देणे हे प्रकार अजूनही सर्रास केले जातात आणि त्यांनी नुकसानच होते. मिठाच्या पाण्याने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते, विशेषतः लहान मुलांत. रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करवली की तेच रॉकेल फुप्फुसात शिरते, आणि रॉकेलचा खरा धोका पोटात नसून फुप्फुसात असतो. शौचालय साफ करण्याचे ॲसिड पोटात गेले असेल तर ते वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. दूध, तूप, ताक, लिंबूपाणी यांनी विष मरत नाही. गुंगीतल्या माणसाला ते पाजले तर गुदमरण्याचा धोका मात्र नक्की वाढतो.

विष अंगावर सांडले असेल तर कपडे, चपला, करदोडा, सर्व काही काढून टाकावे आणि साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवावे; केस, नखांच्या खाचा, कानामागची आणि काखेतली त्वचा विसरू नये. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत, नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हातात चढवाव्यात. डोळ्यांत गेले असेल तर पापण्या उघड्या धरून पंधरा ते वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी. बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू असताना कोणी कोसळले असेल, तर आधी दार-खिडक्या उघडून माणसाला मोकळ्या हवेत ओढावे. कार्बन मोनॉक्साइडवरचा उतारा म्हणजे प्राणवायूच असतो आणि दवाखान्यात तो मास्कने भरपूर प्रमाणात दिला जातो. अशा रुग्णाच्या बोटाला लावलेले ऑक्सिमीटर ९८ किंवा ९९ दाखवत असले तरी त्यावर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त त्या यंत्राला प्राणवायू भरलेल्या रक्तासारखेच दिसते.

दवाखान्यात काय न्यावे

डबा, बाटली, पुडी, गोळ्यांची रिकामी पट्टी, जे सापडेल ते सोबत न्यावे. ‘औषध घेतले’ एवढ्याच वाक्यावर डॉक्टरला काही ठरवता येत नाही, कारण शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशक, तणनाशक, बुरशीनाशक आणि उंदराचे औषध ही सगळी ‘औषधे’च असतात आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो. कीटकनाशकाच्या वेष्टनावर एका टोकावर उभा केलेला चौकोन छापलेला असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा रंग पाहून निर्धास्त होऊ नये. त्या रंगापेक्षाही डॉक्टरला उपयोगी पडते ते बारीक अक्षरांत छापलेले रसायनाचे नाव. वेष्टनावर किंवा सोबतच्या माहितीपत्रकावर विषबाधेची लक्षणे आणि उतारा हेही दिलेले असते. डबा सांडतो म्हणून नेता येत नसेल तर वेष्टनाच्या चारही बाजूंचे मोबाइलवर स्पष्ट फोटो काढावेत.

त्याबरोबर चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: विष केव्हा घेतले किंवा दंश केव्हा झाला, अंदाजे किती घेतले, त्यानंतर उलटी झाली का, आणि रुग्णाला आधीपासून कोणते आजार व कोणती औषधे चालू आहेत. वेळ नक्की माहीत नसेल तर रुग्णाला शेवटचे ठणठणीत कोणी आणि कधी पाहिले, ते लिहावे. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे आणि १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर ते चोवीस तास माहिती देते; हा क्रमांक डॉक्टरांनाही उपयोगी आहे, त्यामुळे तो आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र ओलांडून थेट जिल्ह्याच्या सिव्हिलला निघावे का, हा प्रश्न नेहमी पडतो. सर्पदंश आणि कीटकनाशक यांच्या बाबतीत उत्तर जवळपास नेहमीच ‘नाही’ असे आहे. सर्पदंशाची लस आणि ॲट्रोपिन ही दोन्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हवीत अशीच व्यवस्था आहे. आधी फोन करून खात्री करता आली तर उत्तम. तिथे पहिली मात्रा घेऊन, श्वासाची सोय करून, दिलेल्या औषधांची मात्रा व वेळ लिहिलेली चिठ्ठी घेऊन मग पुढे जावे.

फवारणीची विषबाधा आणि ॲट्रोपिन

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीपर्यंत वाढली होती. डोक्याएवढ्या झाडांवर फवारा मारला की तो स्वतःच्याच तोंडावर आणि छातीवर उलटून येतो. फवारणीची विषबाधा प्यायलेल्या विषासारखी एकदम चढत नाही. दुपारी डोके दुखते, मळमळते, अंग घामाने थबथबते. माणूस ‘ऊन लागले’ म्हणून बांधावर आडवा होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा पंप पाठीवर घेतो. हीच वेळ हातची जाऊ देऊ नये. फवारणी करणाऱ्याला मळमळ, लाळ, डोळ्यांतून पाणी, अंधुक दिसणे किंवा छातीत घरघर यांपैकी काहीही जाणवले तर काम तिथेच थांबवून, अंग धुऊन, दवाखाना गाठावा.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशके आहेत. आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना ॲसिटिलकोलीन या द्रव्यामार्फत निरोप देतात आणि निरोप पोहोचल्यावर कोलिनेस्टरेज नावाचे विकर (एन्झाइम) ते द्रव्य मोडून टाकते. हे विष त्या विकरालाच निकामी करते. निरोप थांबतच नाही, म्हणून लाळ, घाम, अश्रू, जुलाब सुरू होतात, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक होतात, नाडी मंदावते, स्नायू त्वचेखाली फडफडतात आणि फुप्फुसांत इतका स्राव भरतो की माणूस त्याच्यातच बुडू लागतो. ॲट्रोपिन त्या विकराला पुन्हा जिवंत करत नाही. ते ग्रंथी आणि हृदयाच्या ठिकाणी निरोप घेणारी दारे बंद करते, त्यामुळे फुप्फुसे कोरडी होतात आणि नाडी वर येते.

या उपचारात ॲट्रोपिन किती द्यायचे हे आधी ठरलेले नसते. रुग्णाचे शरीरच ते सांगते. आपल्याकडे ॲट्रोपिनच्या कुपीत बहुधा ०.६ मिलिग्रॅम औषध असते. प्रौढ रुग्णाला सुरुवातीला तीन ते पाच कुप्या एकदम शिरेतून दिल्या जातात. पाच मिनिटांनी छाती तपासायची. घरघर कायम असेल तर आधीच्या दुप्पट मात्रा द्यायची, पुन्हा पाच मिनिटांनी पाहायचे आणि गरज असेल तर पुन्हा दुप्पट. पहिल्या अर्ध्या तासात खाटेजवळच्या ट्रेमध्ये फोडलेल्या कुप्यांचा ढीग साचतो. परिचारिका कुप्या फोडते आहे, दुसरी सिरिंज भरते आहे, डॉक्टरचा स्टेथोस्कोप पाठीवरून हलत नाही, हे दृश्य घाबरून जाण्याचे नसून उपचार नीट चालल्याचे आहे. छातीतील घरघर थांबली, नाडी मिनिटाला ८० च्या वर गेली, रक्तदाब सावरला आणि काखा कोरड्या झाल्या की मात्रा पुरेशी झाली असे मानतात. मग तोवर लागलेल्या एकूण औषधाच्या साधारण दहा ते वीस टक्के भाग दर तासाला सलाईनमधून चालू ठेवतात. केवळ बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून ॲट्रोपिन थांबवणे चूक आहे, कारण बाहुल्यांपेक्षा फुप्फुसांना महत्त्व आहे.

नातेवाइकांनी इथे एक गोष्ट समजून घ्यावी. ॲट्रोपिन जास्त झाले की रुग्ण बरळतो, हवेत काहीतरी पकडू पाहतो, नळ्या ओढतो, त्याला ताप येतो. वेड लागले किंवा विष मेंदूत चढले असे समजून आरडाओरडा करू नये. परिचारिकेला सांगावे, मात्रा कमी केली जाते. प्रॅलिडॉक्झिम, म्हणजे ज्याला दवाखान्यात ‘पॅम’ म्हणतात, ते औषध निकामी झालेले विकर मोकळे करण्यासाठी दिले जाते. त्याचा प्रत्यक्ष लाभ किती यावर वैद्यकात एकमत नाही, म्हणून ‘पॅम बाहेरून आणा’ असे सांगितले गेले तर ते आणताना ॲट्रोपिन आणि श्वासाचा आधार यांना उशीर होता कामा नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ॲट्रोपिनचा स्नायूंच्या लकव्यावर काहीच परिणाम होत नाही. पहिल्या दिवशी बोलू लागलेला रुग्ण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान उशीवरून मान उचलू शकत नाही आणि मग त्याचा श्वास मंदावतो, असे घडू शकते. त्यामुळे ‘आता बरा आहे, घरी नेतो’ असा आग्रह पहिल्या चार दिवसांत अजिबात धरू नये, आणि मान उचलता येईनाशी झाली तर रात्र असली तरी डॉक्टरला उठवावे.

शेतात मारले जाणारे प्रत्येक रसायन या गटातले नसते. काहींवर ॲट्रोपिनचा उपयोग नाही, काहींवर नेमका असा उताराच नाही आणि तिथे श्वास, रक्तदाब, मूत्रपिंड यांना आधार देणे हाच उपचार असतो. तो आधार वेळेवर मिळाला की माणसे वाचतात, म्हणून उतारा नाही असे ऐकून रुग्णाला घरी परत नेऊ नये.

सर्पदंश आणि लस

भारतातली सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर एकत्रितपणे काम करते. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा टप्प्याटप्प्याने टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये शुद्ध करून ती बनवतात; मुंबईची हाफकिन ही संस्था या लशीसाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखली जाते. सह्याद्रीतल्या चापड्यावर ही लस चालत नाही, मात्र त्याचा दंश सहसा जिवावर बेतत नाही. विषाचे रेणू रक्तात मोकळे फिरत असतात तोवर लशीतली प्रतिद्रव्ये त्यांना धरून निष्प्रभ करतात. नसांच्या टोकांना किंवा मूत्रपिंडाला आधीच झालेली इजा लस भरून काढत नाही. म्हणूनच मांत्रिकाकडे घालवलेले दोन तास नंतर कितीही कुप्या दिल्या तरी भरून निघत नाहीत.

दंश झालेला हात किंवा पाय फळकूट, छत्री, जाड पुठ्ठा अशा कशालातरी सैल बांधून हाडमोडीसारखा स्थिर करावा. अंगठ्या, बांगड्या, पैंजण, घड्याळ सूज येण्याआधी काढून घ्यावे. आवळपट्टी बांधू नये, जखम चिरू नये, चोखू नये, बर्फ लावू नये. रुग्णाला चालवू नये. दुचाकीवरून न्यायचे असेल तर त्याला मध्ये बसवून मागे एकाने धरावे. सापाच्या मागे काठी घेऊन धावू नये, दुसऱ्याला दंश होतो. कडुलिंबाचा पाला कडू लागतो का, मिरची तिखट लागते का, ही परीक्षा काहीही सांगत नाही आणि तिच्यावर विसंबून थांबलेला वेळ परत येत नाही.

मण्यारीविषयी वेगळे सांगायला हवे. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूणही दिसेलच असे नाही. पहाटे पोटात दुखू लागते, उलटी होते, पापण्या जड होऊन खाली येतात, बोलताना जीभ अडखळते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या कोणालाही सकाळी असे झाले तर ‘अपचन झाले’ म्हणून ओवा देत बसू नये; मण्यारच चावली आहे असे धरून निघावे.

दवाखान्यात पोहोचताच लस दिली जात नाही, यावरून पुष्कळदा वाद होतात. दंश बिनविषारी सापाचा असू शकतो, किंवा विषारी सापाने विष सोडलेलेच नसते; अशा माणसाला घोड्याच्या रक्तापासून बनलेली लस देणे म्हणजे विनाकारण धोका पत्करणे. विष चढल्याची खूण दिसली की मगच ती देतात. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची शक्ती जाते आणि ते ओळखण्याची चाचणी कोणत्याही आरोग्य केंद्रात करता येते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत शिरेतले ताजे दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, नळी न हलवता वीस मिनिटे उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरपी करायची. रक्ताची घट्ट गुठळी झाली असेल तर ते जागचे हलत नाही. ते पाण्यासारखे वाहिले तर विष चढले आहे. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर ही चाचणी फसते, कारण रक्त गोठायला स्वच्छ काचेचाच स्पर्श लागतो. पहिली चाचणी ठीक आली तरी ती पुन्हा पुन्हा करतात आणि रुग्णाला चोवीस तास ठेवून घेतात. नाग आणि मण्यार यांच्या बाबतीत पापण्या, बोलणे, गिळणे आणि श्वास यांच्यावर नजर ठेवतात.

सुरुवातीची मात्रा साधारण दहा कुप्यांची असते आणि ती लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच देतात, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. पावडर स्वरूपातली लस पाण्यात विरघळवताना कुपी हळूहळू गोल फिरवतात, जोराने हलवली तर फेस होतो. मग ती सलाईनमध्ये मिसळून अर्ध्या ते एका तासात शिरेतून देतात. दंशाच्या जागेभोवती लस टोचण्याने काही साधत नाही. आधी त्वचेवर चाचणीची मात्रा देण्याची जुनी पद्धतही आता सोडून दिली आहे, कारण तिच्यावरून पुढची प्रतिक्रिया ओळखता येत नाही. लस चालू असताना अंगाला खाज, पित्ताच्या गांधी, खोकला, थंडी वाजणे, उलटी यांपैकी काही झाले तर लगेच सांगावे. लस थांबवून मांडीत ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन देतात, प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम, आणि रुग्ण सावरल्यावर लस पुन्हा सुरू करतात. ॲड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरून तयार नसेल तिथे लस सुरू करू नये.

नागाच्या दंशात निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिन यांच्या जोडीने लकवा उतरण्यास मदत होते. मण्यारीच्या दंशात सहसा होत नाही, तिथे काही दिवस कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्रच माणसाला जगवते. घोणसीच्या दंशानंतर लघवी कमी होत आहे का, लाल किंवा काळसर येत आहे का, हे नातेवाइकांनी लक्षपूर्वक पाहावे, कारण काही रुग्णांना डायलिसिस लागते.

विंचूदंश

कोकणातला लाल विंचू एके काळी मुलांचा काळ होता. रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांच्या खाटेजवळ बसून मृत्यू नेमका कशाने होतो याची नोंद ठेवली. विंचवाच्या विषाने शरीरातली ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये भसकन बाहेर पडतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध नेमकी हीच साखळी तोडते, हे त्यांनी दाखवून दिले आणि या दंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण फार मोठ्या प्रमाणात खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रातल्या एका आरोग्य केंद्रातून जगाला मिळालेला हा उपचार आहे आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

केवळ दंशाच्या जागी भयंकर कळा असतील आणि बाकी काही नसेल तर वेदनाशामक आणि भूल देणारे इंजेक्शन पुरते. हातपाय गार पडणे, दरदरून घाम, उलट्या, लाळ, मुलग्याच्या लिंगाला आलेला ताठरपणा आणि छातीत धडधड ही विष अंगभर गेल्याची लक्षणे आहेत. त्यांत प्राझोसिन तोंडाने देतात आणि लक्षणे जाईपर्यंत ठरावीक तासांनी पुन्हा देतात. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून मुलाला कडेवर उभे घेऊ नये, आडवेच ठेवावे. विंचूदंशावरची लसही उपलब्ध आहे आणि प्राझोसिनच्या जोडीला ती दिल्यास रुग्ण लवकर सावरतो. घाम आणि लाळ पाहून ॲट्रोपिन देण्याचा मोह मात्र टाळायला हवा. आधीच झोडपलेल्या हृदयावर ते आणखी ताण आणते.

घरातल्या गोळ्या

पॅरासिटामॉल घराघरात असते आणि म्हणून निरुपद्रवी वाटते. जास्त मात्रेत यकृतात त्यापासून एक घातक द्रव्य तयार होते आणि ते निष्प्रभ करणारा ग्लुटाथायोनचा साठा संपतो. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा तो साठा पुन्हा भरतो. गोळ्या घेतल्यापासून आठ तासांच्या आत तो सुरू झाला तर यकृत जवळपास नेहमीच वाचते. उशिरा आलेल्यालाही तो देतात, पण ती खात्री उरत नाही. फसवणूक अशी की पहिल्या दिवशी थोडी मळमळ सोडली तर रुग्णाला बरेच वाटते आणि कावीळ दिसेपर्यंत दोन-तीन दिवस उलटतात. म्हणून रुग्ण कितीही ठीक दिसला, तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. लहान मुलांच्या बाबतीत थेंबांची बाटली आणि पातळ औषधाची बाटली यांत गल्लत होते. थेंबांच्या एका मिलिलिटरमध्ये बहुधा १०० मिलिग्रॅम औषध असते, तर पातळ औषधाच्या पाच मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५०. थेंब चमच्याने पाजले की मात्रा कितीतरी पट होते.

गरोदर आईला मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या मुलांना चॉकलेटसारख्या वाटतात आणि त्या मुलाच्या जिवावर बेतू शकतात. त्यांवर डेस्फेरिऑक्झामीन हा उतारा आहे. उंदरांच्या वडीतली काही रसायने रक्त पातळ करतात आणि त्यांवर के-१ जीवनसत्त्व देतात. रक्तस्राव दोन-तीन दिवसांनी सुरू होतो, म्हणून पहिल्या दिवसाची रक्ततपासणी ठीक आली तरी सांगितलेल्या दिवशी पुन्हा तपासणी करावीच. अफूच्या गटातील औषधांनी श्वास मंदावला तर नॅलोक्सोन काही मिनिटांत माणसाला जागे करते, पण त्याचा अंमल विषाच्या अंमलापेक्षा आधी उतरू शकतो. जागा झालेला रुग्ण उठून घरी निघाला तर त्याला थांबवावे. शोषक कोळशाची भुकटी बऱ्याच विषांना पोटातच धरून ठेवते, मात्र ती पहिल्या तासाभरात आणि दवाखान्यातच द्यायची असते.

विषारी दारू

जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली. मिथेनॉल स्वतः फारसे विषारी नसते. यकृतातले एक विकर त्याचे फॉर्मिक ॲसिड करते आणि ते डोळ्यांची नस जाळते. यात अर्धा ते एक दिवस जातो, म्हणून पिणारा रात्री झोपतो आणि दुसऱ्या दिवशी पोटदुखी, धाप आणि समोर धुके पसरल्यासारखे अंधुक दिसणे घेऊन उठतो. फोमेपिझोल हा उतारा ते विकर रोखतो. तो न मिळाल्यास डॉक्टर शुद्ध इथेनॉल मोजून देतात, कारण विकर आधी इथेनॉलवर काम करते. त्याबरोबर फोलिनिक ॲसिड आणि डायलिसिस लागते. घरी आणखी दारू पाजून हा उपचार करू पाहणे धोक्याचे आहे, कारण हाती आलेली दुसरी बाटलीही त्याच हातभट्टीची असू शकते. वस्तीत एकाला असे झाले की त्याच गुत्त्यावर प्यालेल्या प्रत्येकाला, त्रास असो वा नसो, त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

पोलिसांची भीती आणि घरी परतणे

विषबाधेच्या रुग्णाची दवाखान्यात पोलिसांसाठी नोंद होते आणि तिच्या धास्तीने घरचे लोक खोटे सांगतात किंवा दवाखानाच टाळतात. कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे. कोणी स्वतःहून विष घेतले असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार ती व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर येते. म्हणून डॉक्टरला खरे विष सांगावे. चुकून तणनाशकाऐवजी कीटकनाशक सांगितले गेले, तर चुकीचा उतारा टोचला जातो आणि योग्य उताऱ्याची वेळ टळते. अशा रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञाची भेट झाली पाहिजे असा आग्रह नातेवाइकांनी स्वतःहून धरावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या आणि घरच्यांच्या मोबाइलमध्ये असावा, आणि तो घरी येण्याआधी घरातली फवारणीची औषधे कुलपात किंवा घराबाहेर गेलेली असावीत.

सर्पदंशाची लस घेतलेल्याला एक ते दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी आणि अंगावर पुरळ येऊ शकते. ती लशीचीच उशिरा आलेली प्रतिक्रिया असते आणि तिच्यावर औषध आहे. त्यामुळे घरी सोडताना मिळालेल्या कागदावर कोणता उतारा दिला, किती कुप्या दिल्या आणि प्रतिक्रिया आली होती का, हे लिहून घ्यावे आणि पुढे कधीही कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर तो कागद दाखवावा.